सेल्फ सर्व्हिस कार वॉशसाठी कॉइन अ‍ॅक्सेप्टर कोणता घ्यावा?

पाथर्डी_फाटा
नमस्कार मंडळी,

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रस्त्याला लागून आमची थोडी जागा आहे. तिथे दोन बेचं, म्हणजे एका वेळी दोन गाड्या उभ्या राहतील असं, सेल्फ सर्व्हिस कार वॉश उभं करतोय. गाडी आत घ्यायची, पैसे टाकायचे, गन उचलायची, आपली गाडी आपण धुवायची. पंप ठरला, फोमची टाकी ठरली, टायमरचं पॅनल अंबडचा एक मित्र बनवतोय. अडलंय ते कॉइन अ‍ॅक्सेप्टरपाशी, म्हणजे नाणं ओळखून घेणाऱ्या डब्यापाशी.

मला तीन प्रकार दिसले. एकात नमुन्याचं नाणं आत अडकवून ठेवतात आणि मशीन फक्त तसंच नाणं घेतं. दुसरा प्रोग्रामेबल, त्याला सहा प्रकारची नाणी शिकवता येतात. तिसरा सीसीटॉकवाला, म्हणजे मशीनला डिजिटल संदेश पाठवणारा, व्हेंडिंग मशीनमध्ये असतो तो. किंमत बरीच जास्त. तिन्ही विकणारे आपलाच माल टिकतो म्हणतात. पण त्यांच्यापैकी कोणी तो प्रेशर गनच्या शेजारी, साबणाच्या तुषारांत आणि हायवेच्या धुळीत लावलेला नाही.

यूपीआय ठेवणारच आहे. पण रात्री अकराला टेम्पो घेऊन आलेल्या माणसाचा फोन बंद असेल, तर त्याला खिशातल्या नाण्यांवर गाडी धुता आली पाहिजे. पैसे टाकले आणि पाणी आलं नाही, असं एकदा जरी झालं तरी तो माणूस पुन्हा येणार नाही, चार जणांना सांगेल ते वेगळंच. म्हणून हा एवढासा डबा मला पंपाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

५, १० आणि २० ची नाणी घ्यायचा विचार आहे. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रविवार_कारंजा
आता नाणी ठेवतं कोण खिशात? क्यूआर लावा आणि मोकळे व्हा.

द्राक्षबाग
दिंडोरी तालुक्यात आमचं पाण्याचं एटीएम आहे, पाच रुपयांत वीस लिटरवालं. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या डोकेदुखीचा.

पहिली गोष्ट, पाचचं नाणं घेऊ नका. म्हणजे घेता येतं, पण 'पाचचं नाणं' म्हणून एक वस्तू बाजारात नाहीच. जुनं जाडजूड पांढरं ९ ग्रॅमचं. मग २००७ च्या सुमाराचं स्टीलचं, चुंबकाला चिकटणारं. मग पिवळं ६ ग्रॅमचं. आणि २०१९ च्या मालिकेतलं पिवळंच, पण मोठं, २५ मिमीचं. आपल्याला चारही पाचच रुपये, मशीनला मात्र चार वेगळी नाणी. सहा जागांपैकी चार इथेच संपतात. एखादा प्रकार शिकवायचा राहिला की म्हातारी बाई कळशी घेऊन उभी आणि नाणं खाली परत येतंय. तिला मालिका समजावून सांगणार का?

तुमचं काम दहाच्या पटीत आहे. फक्त दहाचं नाणं घ्या.

पाथर्डी_फाटा
@द्राक्षबाग, हे फार उपयोगी आहे. चार प्रकार असतील असं डोक्यातच आलं नव्हतं. आणि वीसचं?

नाणेवेडा
वीसचं सांगतो, आवडीचा विषय निघाला.

दहाचं नाणं २००९ पासून चलनात आहे, २७ मिमी व्यास, वजन ७.७१ ग्रॅम. बाहेर पिवळं कडं, आत पांढरा गाभा. वीसचं २०२० मध्ये आलं. तेही २७ मिमी! वजन ८.५४ ग्रॅम, आणि रंग बरोबर उलटे: बाहेर पांढरं, आत पिवळं. शिवाय ते गोल नाही, त्याला बारा बाजू आहेत. म्हणजे नुसत्या व्यासावर चालणारा अ‍ॅक्सेप्टर तुमच्या उपयोगाचा नाही. धातू ओळखणाराच हवा, तो कड्यातला फरक पकडतो.

बारा बाजूंमुळे आणखी एक होतं. अ‍ॅक्सेप्टरच्या आत नाणं उतरत्या पट्टीवरून घरंगळत सेन्सरसमोरून जातं. गोल नाणं एकसारखं जातं. बारा बाजूंचं किंचित ठेचकाळत जातं, त्यामुळे दर वेळचं वाचन थोडं इकडेतिकडे होतं. शिकवताना त्याचे नमुने जास्त द्यावे लागतात.

आणि एक-दोन रुपयांच्या वाटेला तर जाऊच नका. १९९२ पासूनचं जुनं एक रुपयाचं स्टीलचं नाणं २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं? २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम, धातूही तेच स्टील. डोळ्यांना आकडा दिसतो म्हणून आपल्याला फरक कळतो. सेन्सरच्या कॉइलला आकडा दिसत नाही.

सातपूर_लेथ
बाप रे, एक आणि दोनचं हे माहीत नव्हतं. आत्ता गल्ल्यातली नाणी काढून व्हर्नियर लावून बघितलं. खरंच तंतोतंत!

मिसळ_आणि_मी
मला दहाच्या नाण्याची वेगळीच शंका आहे. आमच्या भागात भाजीवाल्या मावशी ते घेतच नाहीत, 'चालत नाही' म्हणतात. मग मशीनमध्ये जमा झालेल्या नाण्यांचं करायचं काय?

नाणेवेडा
अफवा आहे ती, आणि जुनी आहे. वेगवेगळ्या डिझाइनमुळे पसरली. कोणावर रुपयाचं चिन्ह आहे, कोणावर नाही; कोणावर किरणं १५, कोणावर १०. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं, की तोवर आलेली दहाच्या नाण्यांची चौदाही डिझाइन वैध आहेत. मशीनला चित्राशी देणंघेणं नसतं, त्यामुळे चौदा चित्रं म्हणजे चौदा नाणी असं होत नाही. तरी २०१९ नंतरच्या मालिकेतलं दहाचं नाणं स्वतंत्र जागेत शिकवा, चित्राबरोबर बाकीचंही थोडं बदललेलं असू शकतं.

नाण्यांची आवड असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. तिथलं संग्रहालय पाहाच. नाशिककर असून तिथे न गेलेली माणसं भेटली की मला मनापासून वाईट वाटतं.

तांबट_लेन
अंजनेरीचं +१. मुलांना घेऊन गेले होते, आवडलं त्यांना. आणि लोकांचा एक गैरसमजही सांगून टाकते: नाशिकरोडला नोटा छापतात म्हणून नाणीही तिथेच पडतात असं कित्येकांना वाटतं. टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला. सालाखाली चौकटी दिसली की मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद.

मिसळ_आणि_मी
म्हणजे मावशी जी नाणी घेत नाहीत, ती सगळी लोक तुमच्या मशीनमध्ये टाकायला येतील. गाडी धुवायला नाही, नाणी संपवायला! धंद्याला बरंच आहे की.

सातपूर_लेथ
बनावट नाण्यांबद्दल लिहितो, आमच्याकडे लेथ असल्याने लोक हे विचारतातच.

पाचचं पिवळं नाणं एका धातूचं. त्या मापाची पितळेची चकती कोणताही हौशी मुलगा उतरवून देईल. मशीन ढिलं लावलेलं असेल तर ती चालून जायचीही भीती. दहाच्या नाण्यात कडं वेगळं, गाभा वेगळा, दोन्ही एकमेकांत दाबून बसवलेले. ते लेथवर करायला बसलं तर दहा रुपयांपेक्षा मजुरीच जास्त लागेल. म्हणून द्राक्षबाग म्हणतात ते माझ्याही हिशेबात बसतं: दहाचंच घ्या.

दोरा बांधून नाणं वर ओढणारे असतात. त्यासाठी अ‍ॅक्सेप्टर घेताना एवढंच बघा: नाणं शेवटचा सेन्सर ओलांडून पेटीकडे गेल्यावर पल्स (पैसे मिळाल्याचा विजेचा इशारा) देतो, की ओळख पटल्याबरोबर देतो? आधीच देणारा घेऊ नका.

रविवार_कारंजा
एवढा खटाटोप! व्यास, वजन, दोरा, लेथ. क्यूआरला यातलं काहीच लागत नाही हो.

कंट्रोल_पॅनल
@रविवार_कारंजा, लागतं. भिंतीवर चिकटवलेला क्यूआर दुकानदाराला पैसे देतो, मशीनला काही सांगत नाही. पैसे आले हे पंपाला कळायचं तर पेमेंट गेटवे, डायनॅमिक (दर वेळी नवा बनणारा) क्यूआर, पॅनलमध्ये सिमकार्ड किंवा वायफाय हे सगळं हवं. ते मी करतो आणि ते चांगलं चालतं. पण त्यात पैसे कापले गेले आणि निरोपच आला नाही, असं होण्याच्या जागा नाण्यापेक्षा कमी नाहीत. दोन्ही ठेवणं हाच शहाणपणा.

आता मूळ विषय. अंबड-सातपूरला पॅनलचं काम करताना मी जे बघतो त्यावरून लिहितो. अ‍ॅक्सेप्टर 'खराब' म्हणून लोक काढून टाकतात, त्यातले पुष्कळ खराब नसतातच. वायरिंग खराब असतं.

अ‍ॅक्सेप्टर नाणं ओळखतो आणि एका वायरीवर छोटा पल्स देतो. तुमचा टायमर तो पल्स मोजतो. आता शेजारीच थ्री फेजचा पंप, त्याचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच. कॉन्टॅक्टर सुटला की त्याच्या कॉइलमधून झटका निघतो. पल्सची वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेली असेल तर त्या झटक्यालाही टायमर नाणंच समजतो. शेजारच्या बेचा पंप बंद झाला की इकडे फुकट दोन मिनिटं! मालक म्हणतो अ‍ॅक्सेप्टर भुताटकी करतोय.

उपाय महाग नाहीत. पल्सची वायर शिल्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) घ्या, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा, आणि ती मोटरच्या केबलपासून लांब, वेगळ्या पाइपातून न्या. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर झटका शोषणारा स्नबर लावा. टायमरच्या इनपुटला ऑप्टो आयसोलेटर, म्हणजे दोन्हीकडची वीज वेगळी ठेवून इशारा प्रकाशाने पोचवणारा भाग. आणि प्रोग्राममध्ये पल्सची रुंदी तपासा. बहुतेक अ‍ॅक्सेप्टरवर पल्सची लांबी निवडता येते. ती १०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवली आणि टायमरला सांगितलं की ८० पेक्षा छोटं काहीही नाणं धरू नकोस, तर बहुतेक भुतं तिथेच जातात.

दुसरं, अ‍ॅक्सेप्टरला स्वतःचा १२ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) द्या. नाणं घेताना आतलं सोलेनॉइड, म्हणजे दार उघडणारं विद्युतचुंबक, ओढलं जातं, त्या क्षणी करंट वाढतो. त्याच सप्लायवर रिले, दिवे, डिस्प्ले असेल तर व्होल्टेज खाली बसतं आणि चांगलं नाणं परत येतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही. चांगल्या अ‍ॅक्सेप्टरला इनहिबिटची, म्हणजे नाणं घेणं थांबवायची, वायर असते. ती टाकीच्या फ्लोट स्विचला, पंपाच्या ओव्हरलोडला आणि फेज गेल्याचं कळवणाऱ्या रिलेला जोडा. पाणी नाही किंवा वीज धड नाही, तर मशीनने नाणं घ्यायचंच नाही, सरळ परत द्यायचं. पाथर्डी_फाटा, 'पैसे टाकले आणि पाणी आलं नाही' ही तुमची भीती आहे ना, तिच्यावर उत्तर ही एक वायर आहे. इनहिबिट नसलेला अ‍ॅक्सेप्टर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

द्राक्षबाग
या एका प्रतिसादासाठी धागा वाचल्याचं सार्थक झालं. आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये नाणं आत जाऊन बसण्याचा त्रास आहे, तो याच वायरीने सुटेल बहुतेक. उद्याच वायरमनला बोलावतो.

कंट्रोल_पॅनल
@द्राक्षबाग, पूर्ण वीज गेल्यावर बरेचसे अ‍ॅक्सेप्टर आपोआप नाणं परत देतात, कारण दार उघडायला सोलेनॉइडच ओढलेलं नसतं. तुमच्याकडे बहुधा कंट्रोलला इन्व्हर्टर आहे आणि मोटरला नाही. फेजचा रिले घाला, काम होईल.

गोदाकाठ
माझा मुद्दा नाण्यांच्या स्वच्छतेचा. आम्ही पंचवटीत राहतो. रामकुंडात लोक नाणी टाकतात आणि पोरं दोरीला चुंबक बांधून ती काढतात. चुंबकाला लागतात ती स्टीलची, म्हणजे बहुतेक एक-दोनची. ती काळी पडलेली असतात, पण तुम्ही दहाचंच घेणार असाल तर तो त्रास कमी. देवळातली नाणी मात्र सगळ्या किमतींची असतात आणि त्यांच्यावर हळद, कुंकू, तेल, बुक्का सगळं बसलेलं असतं. अशी नाणी बाजारात येतातच. ती आतल्या पट्टीवर हळूहळू चिकट थर धरतात, नाणं सावकाश घरंगळतं आणि मशीन ते नाकारतं.

देवळाजवळच्या वजनकाट्याचं काम बघणारे एक काका होते. ते दर आठवड्याला अ‍ॅक्सेप्टरचं झाकण उघडून आतली पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. तेल मात्र कधीच घालू द्यायचे नाहीत. तेलावर धूळ बसते आणि सगळं आणखी चिकटतं.

सातपूर_लेथ
हे अगदी बरोबर. कुरकुरलं की स्प्रे मारायचा, ही आपल्याकडे सवयच आहे. या वस्तूला वंगण लागत नाही.

तांबट_लेन
आमच्या वडिलांचा मेन रोडला एक रुपयावाला पीसीओ होता, त्यामुळे नाण्याच्या डब्याशी लहानपणापासून ओळख. तिथून शिकलेलं सांगते.

डबा ओळंब्यात बसवा. नाणं स्वतःच्या वजनाने घरंगळतं, त्यामुळे डबा थोडा जरी कलला तरी त्याचा वेग बदलतो. भिंत वाकडी असेल तर डब्यामागे पट्ट्या घाला, पण डबा सरळच हवा.

दुसरं, एक जोडीचा अ‍ॅक्सेप्टर कपाटात ठेवा, आधीच शिकवून. दुरुस्ती जागेवर करायचीच नाही. बंद पडला की काढा, दुसरा लावा, आणि बिघडलेल्याकडे सावकाश घरी बघा. यासाठी साडेतीन इंची प्रमाण मापाचाच घ्या. त्याच मापात कित्येक मॉडेल मिळतात, उद्या कंपनी बदलली तरी दार कापावं लागणार नाही.

तिसरं, खाचेची उंची. ओल्या हाताने, एका हातात गन धरून माणूस नाणं टाकणार. छातीच्या उंचीवर असू द्या, वर छोटं छप्पर, आणि गनची नळी ताणली तरी पाण्याचा मारा थेट तिथे पोचणार नाही अशा बाजूला.

नाशिकरोड_ते_ह्यूस्टन
मी अमेरिकेत राहतो. इथे घराजवळच्या कार वॉशमध्ये अजून नाण्यांचे डबे आहेत, शेजारी कार्डही चालतं. इथली सोय म्हणजे क्वार्टर: १९६५ पासून तेच धातू, तेच ५.६७ ग्रॅम, तोच २४.२६ मिमी व्यास. चित्रं पन्नास राज्यांची बदलली, नाणं बदललं नाही. त्यामुळे इथे नुसते यांत्रिक, वीज न लागणारे अ‍ॅक्सेप्टरसुद्धा वर्षानुवर्षं चालतात. भारतात ते आणायचा मोह करू नका. काही यांत्रिक अ‍ॅक्सेप्टरमध्ये लोखंडी चकत्या अडवायला चुंबक असतो, आणि आपली एक-दोनची नाणी नेमकी चुंबकाला चिकटणारी. शिवाय मापं आपली नाहीत.

इथे पुष्कळ ठिकाणी टोकनही असतात. तुम्ही टोकनचा विचार केलात का? एकच माप, एकच धातू, आपल्याला हवं ते. मशीनला त्याहून सोपं काही नाही.

मिसळ_आणि_मी
ह्यूस्टनला बसून पाथर्डी फाट्याची काळजी करताय, कौतुक आहे. सुट्टीत आलात की मिसळ माझ्याकडून!

कोर्ट_गल्ली
टोकनबद्दल थोडी सावधगिरी. नाण्यांचा २०११ चा कायदा आहे, त्यात १८८९ चा धातूच्या टोकनांचा जुना कायदाही सामावलेला आहे. पैशासारखे वापरले जातील असे धातूचे तुकडे बनवणं किंवा चालवणं याला त्यात मनाई आहे. आपल्याच मशीनपुरतं टोकन वेगळं, पण उद्या शेजारचा चहावाला सुट्ट्यांऐवजी तुमचं टोकन द्यायला लागला तर विषय बदलतो. टोकन करायचंच तर नाण्यापेक्षा अगदी वेगळ्या आकाराचं, त्यावर रुपयाचा आकडा नाही, तुमचं नाव आणि 'फक्त या केंद्रासाठी' असं कोरलेलं. आधी वकिलाला दाखवून घ्या.

नाणी बँकेत भरण्याबद्दल: एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांनी एका देण्यापोटी १००० रुपयांपर्यंतची रक्कम कायद्याने चुकती करता येते, त्यापुढे समोरचा नाही म्हणू शकतो. बँकेत भरणा करणं हा वेगळा विषय. नाणी स्वीकारा अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना बँकांना आहेत. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या करून न्या, कॅशियरचं काम हलकं होतं आणि तक्रार राहत नाही.

रविवार_कारंजा
बरं, समजा लोकांना नाणंच वापरायचंय. पण ते आणायचं कुठून? माझ्या पाकिटात एकही नाही. हा प्रश्न खरंच विचारतोय.

द्राक्षबाग
@रविवार_कारंजा, प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर आमच्या गावात आपोआप तयार झालं. पाण्याच्या एटीएमशेजारी किराणा दुकान आहे. रोज संध्याकाळी मी पेटीतली नाणी त्याला देतो, तो मला यूपीआय करतो. गिऱ्हाईक नोट घेऊन त्याच्याकडे जातं, नाणी घेतं, माझ्याकडे टाकतं. तीच नाणी फिरत राहतात. त्याला सुटे मिळतात, माझी बँकेची खेप वाचते. वर एक फायदा: फिरणारी नाणी बरीचशी तीच ती असल्याने मशीनही कमी नाकारतं. पाथर्डी फाट्याला चहाची टपरी असेलच.

नाणेवेडा
रिझर्व्ह बँकेनेही २०२३ मध्ये यूपीआय करून नाणी देणाऱ्या मशीनचा प्रयोग जाहीर केला होता, बारा शहरांत. म्हणजे सुट्ट्यांचा प्रश्न सगळीकडचाच आहे. पण चहाची टपरी मला जास्त भरवशाची वाटते.

रविवार_कारंजा
टपरीची कल्पना पटली. आणि २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी फोनला रेंज मिळेल याची खात्री कोणी देणार नाही, हेही मान्य. नाणं ठेवा सोबत.

वॉशिंग_सेंटर_सिन्नर
आमचं साधं वॉशिंग सेंटर आहे, नाण्याचं मशीन नाही. पण एक विचारतो. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात, त्याचं काय करणार आहात? सेल्फ सर्व्हिसमध्ये पुसायला माणूस नसतो. आणि ऑइल-ग्रीस ट्रॅपशिवाय पाणी गटारात सोडू नका, ते सगळं शेवटी नदीतच जातं.

पाथर्डी_फाटा
@वॉशिंग_सेंटर_सिन्नर, ट्रॅप बांधून झाला आहे. शेवटच्या धुण्यासाठी सॉफ्टनरचं पाणी वेगळ्या बटणावर ठेवतोय. यावर वेगळा धागा काढतो, तिथे तुमची मदत लागेल.

कंट्रोल_पॅनल
ओलाव्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. पाऊस दिसतो म्हणून लोक त्याचा बंदोबस्त करतात. खरा त्रास हिवाळ्यात. निफाडला पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा आपल्याकडेही पहाटे पत्र्याचा डबा गार पडलेला असतो. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाने गन चालवली की दमट हवा आत शिरते आणि गार पत्र्यावर, सेन्सरवर दव धरतं. नऊपर्यंत मशीन नाणी नाकारतं, दहाला आपोआप सुधारतं. मेकॅनिक अकराला येतो आणि त्याला काहीच सापडत नाही.

डब्यात अगदी छोटा पॅनल हीटर लावा, रात्रभर चालू. डब्याच्या तळाला दोन भोकं, खाली तोंड करून, म्हणजे आलेलं पाणी निघून जाईल. इलेक्ट्रॉनिक कार्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओलावा रोखणाऱ्या थराचा, हात. नाणी परत यायची वाटी उघडी असते, तिथून वाफ आत जाते, तिला झडप हवी. आणि नाण्यांची पेटी अ‍ॅक्सेप्टरच्या डब्यापासून वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या कुलपात. पैसे काढणाऱ्याला वायरी दिसायला नकोत, वायरमनला पैसे.

सातपूर_लेथ
पत्र्याऐवजी ३०४ स्टेनलेस वापरा. साबणाच्या पाण्याने पावडर कोटिंग बिजागरीपाशी आधी सुटतं. दोन मिमी जाडी, आतून बिजागरी. आमच्याकडे या, करून देतो.

पाथर्डी_फाटा
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून असं ठरवतोय:

दहाचं नाणं पक्कं. वीसचं सुरुवातीला बंद, नंतर बघू. पाचचं घेणार नाही. नमुन्याचं नाणं अडकवायचा प्रकार घ्यावा असं मधे वाटत होतं, कारण नाणं एकच. पण नवं-जुनं दहाचं थोडं जरी वेगळं निघालं तर तिथे दुसरी जागाच नाही, म्हणून प्रोग्रामेबल साडेतीन इंची, इनहिबिट वायर असलेला. दोन बेला दोन आणि कपाटात एक. यूपीआय शेजारी स्वतंत्र. सीसीटॉकवाला चांगला असेलच, पण त्याच पैशांत मी तिसरा अ‍ॅक्सेप्टर, हीटर आणि स्टेनलेसचा डबा करू शकतो, आणि तुमचं सगळ्यांचं वाचून मला तो खर्च जास्त कामाचा वाटतो.

एकच राहिलं. शिकवताना नाणी कशी निवडायची? विक्रेता म्हणाला, बँकेतून नवी करकरीत आणा.

नाशिकरोड_ते_ह्यूस्टन
सीसीटॉकच्या बाजूने एवढंच, की त्यात पल्स मोजायचे नसून सरळ संदेश येतो, त्यामुळे कॉन्टॅक्टरच्या भुतांचा प्रश्न जवळपास संपतो. पुढे कधी बे वाढवलेत तर विचार करा.

कंट्रोल_पॅनल
मान्य. दोन बेला पल्स पुरे.

द्राक्षबाग
नव्या करकरीत नाण्यांवर शिकवू नका भो! मशीन मग फक्त करकरीत नाणी घेईल. चलनात फिरलेली घ्या. झिजलेली, काळवंडलेली, वेगवेगळ्या सालांची, वेगवेगळ्या टांकसाळींची. प्रत्येक जागेला पंधरा ते वीस नमुने द्यायची सोय असते, ती पूर्ण वापरा. एकच नाणं वीस वेळा टाकायचा आळस करू नका.

अचूकतेचा आकडा असतो, तो मधे ठेवून सुरुवात करा. मग पाचची, वीसची, एक-दोनची सगळी टाकून बघा. त्यातलं एकही आत गेलं तर आकडा घट्ट करा. दहाची चांगली नाणी परत यायला लागली तर एक पायरी ढिला.

कंट्रोल_पॅनल
आणि शिकवताना अ‍ॅक्सेप्टर त्याच्या कायमच्या जागी, डब्यात, कायमच्या सप्लायवर बसवलेला हवा. टेबलावर शिकवून मग डब्यात बसवला की आजूबाजूच्या पत्र्याने वाचन थोडं सरकतं. नंतर दोनदा तपासा, एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी, पंप चालू ठेवून.

नाणेवेडा
माझ्याकडे दहाची फिरलेली नाणी भरपूर आहेत. २०१० पासून पुढची, मुंबई, हैदराबाद, नोएडा, कोलकाता अशी वेगळी लावलेली. शिकवायच्या दिवशी पाथर्डी फाट्याला घेऊन येतो. मोजून देईन आणि मोजून परत नेईन, त्यात दोन माझी खास आहेत. रविवारी सकाळी जमेल का?

पाथर्डी_फाटा
रविवारी जमेल. डबा शुक्रवारी सातपूरहून येतोय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.